ब्लॉक वगळणे आणि शून्याने गुणणे: स्टोकॅस्टिक डेप्थ कोडमध्ये उतरवताना

स्टोकॅस्टिक डेप्थ, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या प्रशिक्षणात काही ब्लॉक (थरांचे छोटे गट) यादृच्छिकपणे वगळण्याचे तंत्र, कोडमध्ये उतरवायला चार ओळी पुरतात, आणि बहुधा त्यामुळेच ते फारसे न वाचता एका प्रकल्पातून दुसऱ्यात उचलले जाते. या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळ्या कृती चालतात: प्रशिक्षणाच्या वेळी एखादा ब्लॉक खरोखरच न चालवणे, आणि तो पूर्ण चालवून त्याचे उत्तर शून्याने गुणणे. पुढच्या थराकडे जाणारी संख्या दोन्हींत सारखीच असते. मात्र लागणारा वेळ, बॅच नॉर्मलायझेशनची (एकत्र चालवलेल्या नमुन्यांच्या सरासरीवरून संख्या एका प्रमाणात आणणाऱ्या पायरीची) साठवलेली सरासरी, ऑप्टिमायझरचे (वजने, म्हणजे नेटवर्कने शिकलेल्या संख्या, सुधारणाऱ्या भागाचे) वर्तन आणि अनेक जीपीयूंमधला ताळमेळ या सर्व बाबतींत दोन्हींचे परिणाम वेगळे होतात. हा लेख त्या फरकाविषयी आहे.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. संशोधक काइमिंग हे (Kaiming He) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये रेसनेट ही नेटवर्कची रचना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रश्न असा होता की साधे ५६ थरांचे नेटवर्क २० थरांच्या नेटवर्कपेक्षा चाचणीतच नव्हे, तर प्रशिक्षणातही मागे पडत होते. प्रत्येक ब्लॉकला बगल देणारी एक थेट वाट ठेवून त्यांनी हा अडसर दूर केला. तरीही सिफार-१० या चित्रसंचावर त्यांच्या ११० थरांच्या नेटवर्कची चाचणीतील चूक ६.४३ टक्के आली, तर १२०२ थरांच्या नेटवर्कची ७.९३ टक्के, आणि या दुसऱ्या नेटवर्कची प्रशिक्षणातील चूक मात्र ०.१ टक्क्याच्याही खाली होती. म्हणजे खोली वाढवणे शक्य झाले होते, पण वाढलेली खोली घोकंपट्टीत खर्ची पडत होती. मार्च २०१६ मध्ये गाओ हुआंग, यू सन, झुआंग लिऊ, डॅनियल सेद्रा आणि किलियन वाइनबर्गर यांनी सुचवलेला उपाय असा: प्रशिक्षणाच्या प्रत्येक मिनी-बॅचला (एका फेरीत एकत्र चालवलेल्या नमुन्यांच्या गटाला) प्रत्येक ब्लॉकसाठी नाणेफेक करावी, कौल विरुद्ध गेला तर तो ब्लॉक त्या फेरीपुरता वगळून फक्त थेट वाट ठेवावी, आणि चाचणीच्या वेळी सगळे ब्लॉक हजर ठेवावेत. त्यांच्या प्रयोगांत ११० थरांच्या नेटवर्कची चूक ६.४१ वरून ५.२५ टक्क्यांवर आली आणि १२०२ थरांचे नेटवर्क ४.९१ टक्क्यांपर्यंत उतरले. जे नेटवर्क आधी खोलीमुळे मागे पडत होते, तेच आता खोलीमुळे पुढे गेले.

नाणे मात्र सर्व ब्लॉकना एकसारखे नसते. सुरुवातीचे ब्लॉक कडा, रंग, पोत अशी प्राथमिक वैशिष्ट्ये काढतात आणि त्यांवर पुढच्या सर्वांची भिस्त असते, म्हणून त्यांची टिकण्याची संभाव्यता एकच्या जवळ ठेवतात आणि ती सरळ रेषेत उतरवत शेवटच्या ब्लॉकपाशी ०.५ वर आणतात. ११० थरांच्या रेसनेटमध्ये ५४ ब्लॉक असतात; या नियमाने एका फेरीत सरासरी ४०.२५ ब्लॉक चालतात. म्हणजे सुमारे पाव भाग काम वाचते आणि मूळ लेखकांनी प्रशिक्षणाच्या वेळेतही जवळपास तेवढीच बचत नोंदवली आहे. रेग्युलरायझेशनची (घोकंपट्टी रोखण्याची) बहुतेक तंत्रे प्रशिक्षण लांबवतात. हे तंत्र ते आखूड करते, आणि माझ्या मते त्याचे खरे वेगळेपण यातच आहे.

आता कोड. रेसनेटच्या मूळ रचनेत मुख्य शाखेचे (ब्लॉकमधील गणिताचे) उत्तर आणि थेट वाट यांच्या बेरजेनंतर रेलू (ऋण संख्यांना शून्य करणारी पायरी) असते, त्यामुळे ब्लॉक वगळला तरी थेट वाटेवरून आलेल्या संख्यांवर रेलू लावावी का, अशी शंका येते. मागच्या ब्लॉकचे उत्तर रेलूमधूनच आलेले असल्यामुळे त्यात ऋण संख्या नसतात. रेलू लावली काय आणि न लावली काय, काही बदलत नाही. खरी काळजी घ्यावी लागते ती चित्राचा आकार निम्मा आणि चॅनेल (वैशिष्ट्यांचे पदर) दुप्पट होतात त्या ब्लॉकपाशी. ५४ ब्लॉकच्या रचनेत तो प्रकार १९व्या आणि ३७व्या ब्लॉकला येतो. तेथे थेट वाटेवरही काहीतरी काम असते, मग ते शून्ये भरून चॅनेल वाढवणे असो किंवा एक गुणिले एकचे कन्व्होल्युशन (चित्रावर सरकत्या गाळणीने केलेले गणित). वगळायची ती फक्त मुख्य शाखा. थेट वाट प्रत्येक फेरीत चाललीच पाहिजे.

येथवर दोन्ही कृतींत फरक दिसत नाही. तो दिसू लागतो तयार मॉड्यूल वापरल्यावर. टॉर्चव्हिजनमध्ये (पायटॉर्च या डीप लर्निंगच्या लायब्ररीच्या चित्रांसाठीच्या जोड-लायब्ररीत) स्टोकॅस्टिक डेप्थचे मॉड्यूल आहे आणि त्याला ‘बॅच’ व ‘रो’ असे दोन प्रकार आहेत: पहिल्यात संपूर्ण बॅचसाठी एकच नाणे, दुसऱ्यात प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र नाणे. टिम या लायब्ररीतले ड्रॉपपाथ (याच तंत्राचे मॉड्यूल) दुसऱ्या प्रकारचे आहे. ‘बॅच’ हा प्रकार निवडला की मूळ शोधनिबंधातील तंत्र जसेच्या तसे मिळाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु हे मॉड्यूल शाखेच्या उत्तरावर लावले जाते, म्हणजे त्याच्यापर्यंत गोष्ट पोहोचते तेव्हा कन्व्होल्युशन होऊन गेलेले असते. वेळेची पाव हिस्सा बचत तेथे मुळीच होत नाही. शिवाय बॅच नॉर्मलायझेशनने त्या वाया गेलेल्या उत्तराचीही सरासरी आपल्या साठ्यात मिसळून घेतलेली असते. आणखी एक बारीक गोष्ट: अर्ध्या अचूकतेच्या (१६ बिटांच्या) गणितात शाखेचे उत्तर अनंतापर्यंत गेले, तर त्याला शून्याने गुणल्यावर शून्य मिळत नाही, नॅन (‘संख्या नाही’ अशी खूण) मिळतो.

प्रशिक्षणात शाखा कधी असते, कधी नसते आणि चाचणीत नेहमी असते, म्हणून तिच्या उत्तराचे प्रमाण जुळवावे लागते. त्याच्या दोन रीती आहेत. मूळ लेखकांनी प्रशिक्षणात शाखेचे उत्तर तसेच ठेवले आणि चाचणीत त्याला टिकण्याच्या संभाव्यतेने गुणले. टॉर्चव्हिजन आणि टिम उलट करतात: प्रशिक्षणात टिकलेल्या उत्तराला त्या संभाव्यतेने भागतात आणि चाचणीत काहीच करत नाहीत. मी दुसरी रीत पसंत करतो, कारण प्रशिक्षण संपल्यावर नेटवर्क कोणत्याही साध्या रेसनेटसारखे वापरता येते. धोका आहे तो एका रीतीने शिकवलेली वजने दुसऱ्या रीतीच्या कोडमध्ये भरण्याचा. शेवटच्या ब्लॉकचे योगदान अपेक्षेच्या दुप्पट किंवा निम्मे होते, प्रोग्राम कोठेही थांबत नाही, आणि अचूकता मात्र गुपचूप घसरते. सरासरी जुळली तरी विचलन कोणत्याच रीतीत जुळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. शेवटच्या ब्लॉकच्या शाखेचा सरासरी वर्ग प्रशिक्षणात चाचणीच्या दुप्पट असतो, आणि पुढे बॅच नॉर्मलायझेशन असेल तर तो फरक त्याच्या साठ्यात उतरतो.

ऑप्टिमायझरपाशी तर दोन्ही कृतींच्या वाटा उघडपणे वेगळ्या होतात. ब्लॉक खरोखर वगळला, तर त्याच्या वजनांना ग्रेडियंटच (वजन कोणीकडे आणि किती बदलावे हे सांगणारी संख्या) मिळत नाही. पायटॉर्चच्या २.० आवृत्तीपासून ग्रेडियंट शून्य करण्याऐवजी काढूनच टाकणे हे मूळ वर्तन असल्यामुळे ऑप्टिमायझर अशा वजनांना त्या फेरीत हात लावत नाही. शून्याने गुणले, तर ग्रेडियंट असतो, फक्त त्याची किंमत शून्य असते. मग मोमेंटम (आधीच्या बदलांचा साठवलेला जोर) आपल्या जुन्या वेगाने वजने पुढे ढकलत राहतो आणि वेट डिकेही (वजने दर फेरीला थोडी लहान करणारा नियम) आपली कात्री चालवतो. ०.५ संभाव्यतेच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये हे निम्म्या फेऱ्यांत घडते. यातले अमुक बरोबर आणि तमुक चूक असे मी म्हणणार नाही. परंतु एका कृतीसाठी जुळवलेला वेट डिके दुसरीला तसाच लावून निष्कर्षांची तुलना करणे मला पटत नाही.

खरोखर वगळण्याची किंमत अनेक जीपीयूंवर मोजावी लागते. पायटॉर्चची डिस्ट्रिब्युटेड डेटा पॅरलल यंत्रणा (अनेक जीपीयूंचे ग्रेडियंट एकत्र करणारी) प्रत्येक वजनाच्या ग्रेडियंटची वाट पाहते. वगळलेल्या ब्लॉककडून तो येत नाही, आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीला प्रोग्राम आधीची बेरीज अपुरी राहिल्याची तक्रार करून थांबतो. न वापरलेली वजने शोधण्याचा पर्याय चालू केला की काम भागते. पण प्रत्येक कार्डाने (जीपीयूने) आपापले नाणे उडवले तर प्रत्येक फेरी सर्वांत जास्त ब्लॉक चालवणाऱ्या कार्डासाठी खोळंबते आणि वेळेची बचत आटते. म्हणून सर्व कार्डांना यादृच्छिक संख्यांचे एकच बीज देऊन एकच कौल लावावा.

हा कौल ब्लॉकच्या आत न लावता नेटवर्कच्या फॉरवर्डच्या (उत्तर काढण्याच्या खेपेच्या) अगदी सुरुवातीला एकदाच लावावा, असा माझा आग्रह आहे: ५४ होकार-नकारांची यादी सीपीयूवर तयार करायची आणि प्रत्येक ब्लॉकला त्याचा निर्णय हाती द्यायचा. जीपीयूवर नाणे उडवून त्याचा निकाल पायथनच्या अटीत वापरला, तर प्रत्येक ब्लॉकपाशी जीपीयूची वाट पाहावी लागते. स्मृती वाचवण्यासाठी ॲक्टिव्हेशन चेकपॉइंटिंग वापरणाऱ्यांना तर हे पथ्य पाळावेच लागते, कारण तेथे मधली उत्तरे साठवून न ठेवता बॅकवर्डच्या (ग्रेडियंट काढण्याच्या) वेळी ब्लॉक पुन्हा चालवला जातो. पायटॉर्च आपल्या मूळ यादृच्छिक जनकाची स्थिती तेवढ्यापुरती पूर्ववत करतो, पण पायथनच्या रँडम मॉड्यूलची किंवा तुम्ही वेगळ्या बांधलेल्या जनकाची करत नाही. दुसऱ्या खेपेला नाणे उलटे पडले, तर चेकपॉइंटिंगच्या जुन्या, री-एंट्रंट रीतीत कसलीही कुरकुर न होता भलत्याच फलनाचा ग्रेडियंट मिळतो.

दर किती ठेवावा, याला मापदंड सापडतात. स्विन ट्रान्सफॉर्मर या चित्र-मॉडेलच्या लहान ते मोठ्या तीन आवृत्त्यांत वगळण्याचा कमाल दर ०.२, ०.३ आणि ०.५ असा चढतो. कॉन्व्हनेक्स्ट या दुसऱ्या चित्र-मॉडेलच्या सर्वांत लहान आवृत्तीत तो ०.१ आहे. मॉडेल लहान असेल तर हात आखडता घ्यावा.

या दोन कृतींचा मेळ घालता येतो, हे मेटाच्या २०२३ च्या डिनोव्ही-२ (DINOv2) या चित्र-मॉडेलने दाखवले. तेथे वगळण्याचा दर ४० टक्के आहे. प्रत्येक ब्लॉकपाशी बॅचमधील नमुन्यांचा क्रम यादृच्छिक करून पहिले ६० टक्के नमुने कापून घेतात, मुख्य शाखा फक्त त्यांच्यावर चालवतात आणि प्रमाण जुळवलेले उत्तर त्यांच्या मूळ जागी मिळवतात. उरलेले नमुने थेट वाटेने पुढे जातात. नमुन्यागणिक निवड यादृच्छिक राहते, काम खरोखर वाचते, आणि प्रत्येक ब्लॉक प्रत्येक फेरीत काही नमुन्यांसाठी तरी चालत असल्यामुळे ग्रेडियंट हरवण्याचा प्रश्नच उरत नाही. हे जमते ते मुख्यतः व्हिजन ट्रान्सफॉर्मरमध्ये (डिनोव्ही-२ च्या नेटवर्कच्या प्रकारात) लेयर नॉर्मलायझेशन असते म्हणून, कारण ते प्रत्येक नमुन्याचा हिशेब स्वतंत्रपणे करते. बॅच नॉर्मलायझेशन असलेल्या रेसनेटमध्ये हेच केले, तर सरासरी कापलेल्या तुकड्यावर काढली जाईल, आणि प्रत्येक कार्डावर मोजकेच नमुने मावत असतील तर ती बरीच डळमळीत होईल. तेथे मी अजूनही संपूर्ण बॅचसाठी एकच नाणे आणि खरोखर वगळलेला ब्लॉक हीच मूळ पद्धत वापरतो.