डॉक्टर व्हायचं की नाही: खानापूर ते धारवाड, माझा अनुभव

नीटमध्ये मला ७२० पैकी ४१२ मार्क पडले. साल २०२३. सरकारी एमबीबीएसच्या जागेच्या आसपासही न जाणारा आकडा, पण ‘अगदीच वाया गेलं’ म्हणावं असाही नाही. अशा मार्कांवर आमच्याकडे एकच औषध सांगतात: लाँग टर्म. म्हणजे वर्षभर क्लासच्या हॉस्टेलवर राहायचं आणि पुन्हा नीट द्यायची. मामांनी बेळगावातल्या एका क्लासची फी विचारून ठेवली होती. आबा, म्हणजे माझे वडील, सोसायटीतून कर्ज काढायला तयार होते. मला सोडून सगळ्यांचं ठरलं होतं. मी शेवटी धारवाडला शेतकीला गेले, ते कसं ते सांगते.

हे लिहायला बसले, कारण सुट्टीत गावी गेले की मराठी शाळेतून पुढं येऊन सायन्स घेतलेल्या मुली मला भेटतात. ‘डॉक्टर होणार ना?’ याला त्या पटकन ‘हो’ म्हणतात आणि लगेच विषय बदलतात. तो विषय बदलणं मला ओळखीचं आहे. मी दोन वर्षं तेच केलं.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. मलप्रभा तिथंच उगम पावते, आणि पाऊस असा की जून ते सप्टेंबर वह्या कोरड्या ठेवणं हेच एक काम असतं. दहावीपर्यंत गावातच मराठी माध्यमात शिकले. एसएसएलसीला ६२५ पैकी ५७१ मार्क मिळाले आणि पेढे वाटतानाच डॉक्टर हा शब्द घरात आला. तो कुणी आणला हे आज सांगता येणार नाही. हुशार पोर म्हटलं की तो आपोआप येतो.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी) घेतलं आणि वडगावात मावशीकडे राहिले. माग दिवसभर खडखडत असायचे. महिन्याभरात त्यांची इतकी सवय झाली की वीज गेल्यावर झोप मोडायची. अभ्यासापेक्षा मला माध्यमानं दमवलं. हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट, संप्रेरक म्हणजे हार्मोन, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन. कळलेली गोष्ट पुन्हा नव्या नावानं कळून घ्यायची, तीही सर पुढच्या पानावर गेलेले असताना. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, पण दोन वर्षं इंग्रजीत घोकल्यावर परत मराठीत वळायचं धाडस झालं नाही. मी इंग्रजीच निवडला. ४१२ मधले काही मार्क या भाषांतरात गेले असं मला अजून वाटतं. सगळे गेले असं मात्र म्हणणार नाही.

पीसीएमबी घेणाऱ्यांना एक सांगते. बायोलॉजीबरोबर गणितही ठेवलं की कर्नाटकच्या सीईटीतून बरेच रस्ते उघडे राहतात: इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकी. सीईटीत प्रत्येक विषयाला ६० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. नीटमध्ये चूक केली की एक मार्क जातो. त्या वर्षी ७ मे ला नीट झाली, २० आणि २१ मे ला सीईटी. नीट देऊन आलेल्या माझ्या बऱ्याच मैत्रिणींनी मधले बारा दिवस पुस्तक उघडलंच नाही. मी सीईटीचा अर्ज नुसता भरून ठेवला नव्हता, मनापासून अभ्यास करून ती दिली, आणि तेच पुढं कामाला आलं.

आता आज्जीच्या दवाखान्याबद्दल. मी सेकंड पीयूसीला असताना, डिसेंबरात, आज्जीला न्यूमोनिया झाला. बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात ती नऊ दिवस होती. आई दिवसा, मी रात्री. सगळ्यांना वाटायचं मला रक्ताची भीती वाटते, म्हणून मी मेडिकलला कचरते. तसं काही नव्हतं. शेजारच्या कॉटवरच्या आजोबांची जखम धुताना नर्सताईंना मीच बॅटरी धरली होती. मी तिथं घाबरले नाही, कंटाळलेही नाही. आज्जीला कन्नड येत नव्हतं आणि रात्रीच्या हाऊस सर्जनना, म्हणजे इंटर्नशिप करणाऱ्या डॉक्टरांना, मराठी येत नव्हतं, तेव्हा दोघांच्या मध्ये मी उभी राहायचे. ‘छातीत भरून येतंय’ याला कन्नडमध्ये नेमकं काय म्हणायचं यावर मी एकदा पाच मिनिटं घालवली होती. ते काम मला आवडलं.

पण एका पहाटे त्याच हाऊस सर्जनताईंनी आज्जीचा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि मला म्हणाल्या, “बघ, हा पांढरा भाग कमी होतोय. काही विचारायचंय?” मी नाही म्हटलं. खरंच काही विचारायचं नव्हतं. आज्जी बरी होतेय एवढं मला पुरे होतं. पांढरं का दिसतं, कमी कसं होतं, औषधानं नेमकं काय केलं, यातलं काहीच मनात उठलं नाही. त्या क्षणी मला ते जाणवलंही नाही.

जाणवलं फेब्रुवारीत, भाताची मळणी कधीच उरकून शिवारात मसूर उभा होता तेव्हा. दोन दिवस घरी गेले होते. बांधाजवळचा पट्टा वाळला होता आणि दोन हातांवरचा हिरवागार. मी आबांना विचारत सुटले. इथंच का? पाणी साचलं होतं का? भाताचा धसकट तसाच राहिला होता का? मागच्या सालीही हीच जागा गेली होती का? आबा शेवटी म्हणाले, “मला काय म्हाईत गे, तूच शिकून सांग की.” ते सहज बोलले. मी मात्र त्या रात्री फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर मला पडलेले प्रश्न लिहून काढले. दोन पानं भरली. मग नऊ दिवसांच्या दवाखान्यातले प्रश्न आठवून लिहायला घेतले. चार निघाले. चारही माणसांबद्दलचे होते: रात्री जेवायला काय मिळतं, एकट्या पेशंटचं कोण करतं, असे. आजाराबद्दलचा एकही नव्हता.

एवढ्यावरून कुणी आयुष्य ठरवत नाही, मीही ठरवलं नाही. वही बंद करून नीटचा अभ्यास करत राहिले. निकाल लागल्यावर ती पानं पुन्हा काढली.

तेव्हा मी स्वतःला एक प्रश्न विचारला आणि तो टाळू नये असं मला आजही वाटतं: ६२० पडले असते तर? मार्क कमी पडले म्हणून मी शेतकीला आवडीचं नाव देतेय का? चार दिवस यात गेले. उत्तर असं निघालं की ६२० पडले असते तर मी बहुतेक मेडिकलला गेले असते, कारण मग कुणी विचारलंच नसतं, मीसुद्धा नाही. पण लाँग टर्म करायची तर एका वर्षात दोनशे मार्क वाढवण्याइतकी ओढ हवी. नंतर साडेपाच वर्षं एमबीबीएस, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, पुढं पीजीसाठी पुन्हा परीक्षा आणि तीन वर्षं. एक्स-रे बघून ज्या मुलीला काही विचारावंसं वाटलं नाही तिनं आबांच्या कर्जावर हे सगळं सुरू करणं मला चुकीचं वाटलं.

मामांनी अजून एक वाट सुचवली. महाराष्ट्रात मेडिकलला सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी काही जागा राखीव असतात. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांतल्यांसाठी. ज्याला खरंच डॉक्टर व्हायचंय त्यानं ती वाट जरूर तपासावी, आपल्याकडे अनेकांना ती ठाऊकच नसते. पण तिलाही नीटचे मार्क लागतातच, आणि माझा प्रश्न तोवर मार्कांचा राहिला नव्हता.

आबांना सांगणं सगळ्यात जड गेलं. मी जेवताना सांगितलं. ते हात धुऊन उठले आणि गोठ्यात गेले. बऱ्याच वेळानं येऊन म्हणाले, “शेतातनं बाहेर पडावंस म्हणून शिकवलं तुला.” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वहीतली ती दोन पानं मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारा काढायला खानापूरला निघाले, तेव्हा मला कळलं.

कर्नाटकात शेतकी पदवीच्या जागांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळा कोटा आहे आणि त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा असते. जमिनीचे कागद लागतात. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, म्हणून वंशावळीचा दाखला. त्यात आजोबांचं नाव उताऱ्यावर कन्नडमध्ये ‘परशराम’ आणि माझ्या मार्क्सकार्डावर आबांच्या नावापुढं ‘परशुराम’. एका उकारासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं आणि तीन फेऱ्या झाल्या. मराठी नावं कन्नड कागदांवर उतरताना असं आपल्याकडे घरोघरी झालेलं आहे. अर्ज भरायच्या आधी, शक्य तर फर्स्ट पीयूसीतच, सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा. मराठा समाजाचा थ्री-बीचा (कर्नाटकातल्या ओबीसी गटाचा) जात-उत्पन्न दाखला नाडकचेरीतून (महसूल कचेरीतून) काढला की त्यावरचा आरडी नंबर जपा, अर्जात तोच मागतात. पहिली ते दहावी खेड्यात शिकला असाल तर १५ टक्के ग्रामीण कोटा आहे. कन्नड माध्यमाचा कोटा आपल्याला नाही, आणि घटनेतल्या ३७१-जे कलमाची सवलत कल्याण कर्नाटकाची, म्हणजे कलबुर्गीकडच्या जिल्ह्यांची आहे, बेळगाव जिल्हा तिच्यात येत नाही. ती मिळेल या आशेवर आमच्या गावातल्या एका मुलानं अर्जच चुकीचा भरला होता.

प्रात्यक्षिकाची तयारी हे या सगळ्यातलं माझं सर्वात आवडतं प्रकरण. टेबलावर बियाणं, अवजारं, खतं, कीड लागलेली पानं असं काहीबाही ठेवलेलं असतं आणि ओळखायचं असतं. मला वस्तू ओळखायची अडचण नव्हती, अडचण नावांची. मी एक वही आखली, तीन रकाने: मराठी, कन्नड, इंग्रजी. कुरी म्हणजे कूरिगे. कुळव म्हणजे कुंटे. कोळपं म्हणजे एडेकुंटे. तूर, तोगरी. हरभरा, कडले. जवस, अगसे. कन्नड रकाना आबांनी भरून घेतला; बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला सगळी नावं तोंडपाठ. रात्री दिवे लावून ते पत्र्याच्या डब्यातून एकेक बी तळहातावर ठेवायचे आणि मूठ मिटायचे. “सांग.” मोहरी आणि नाचणी मी अंधारात नुसत्या बोटांनी ओळखायला शिकले. कर्जाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

धारवाडला परीक्षेच्या टेबलावर कोळपं ठेवलेलं होतं. मी आधी मराठीतच पुटपुटले, मग एडेकुंटे लिहिलं.

ऑप्शन एंट्रीबद्दल, म्हणजे सीईटीनंतर कॉलेजांची पसंती भरण्याबद्दल थोडं. कॉलेजांचा क्रम मनापासून लावा, ‘मिळेल ते वर’ असं करू नका. पहिल्या फेरीत मला विजयपूर लागलं. तिथं चॉइस टू घेतला, म्हणजे हातातली जागा ठेवून वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत थांबायचं. दुसऱ्या फेरीत धारवाड मिळालं. चॉइस थ्रीमध्ये हातातली जागा सुटते. घाईत हे दोन आकडे अदलाबदल झालेली मुलं मी पाहिली आहेत.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. सगळं गोड आहे असं नाही. जेनेटिक्सनं पहिल्या वर्षी रडवलं, आणि गावी कुणी ‘काय शिकतेस?’ विचारून ‘बरं’ म्हणतं तेव्हा त्या ‘बरं’चा अर्थ मला कळतो. चौथ्या वर्षी गावात राहून कामाचा अनुभव घ्यायचा असतो, त्याची मी वाट बघतेय. मसुराचा तो वाळलेला पट्टा मर रोगाचा होता, दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीत कळलं. आबांना फोन केला तर म्हणाले, “मग आता काय करायचं ते पण सांग.”

माझी चुलतबहीण यंदा सेकंड पीयूसीला आहे. तिलाही मी प्रश्न लिहायला लावलं. तिची पानं वाचली. पोटात जेवण का जळत नाही इथून ते आज्जीचे गुडघे कसे झिजले इथपर्यंत, सगळी माणसाच्या शरीराची. तिला नीटच द्यायची आहे, आणि काकांना मी तसं सांगितलंय. येत्या सोमवारी तिच्या ग्रामीण दाखल्यासाठी आम्ही दोघी जाणार आहोत. आधी शाळेत मुख्याध्यापकांची सही, मग खानापूरला बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची. पहिल्या सहीवर शाळेचा शिक्का आहे ना, हे तिथंच बघून निघायचं.