तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सिनेमातून मी का उठले

परवा वहिनींनी पुन्हा विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. रात्री एकटीनं भुताचे सिनेमे बघणारी मी, दिवाळीत नाशिकच्या उंटवाडीतल्या मॉलमधून मध्यंतराआधीच का उठून आले? रक्त बघून नाही हो. तळघरातला तो माथेफिरू डॉक्टर, बरण्यांत तरंगणारे डोळे, त्यावर तर मी हसत होते.

उठले ती नर्समुळे. माणसाला तळघरात न्यायच्या आधी ती त्याच्यापुढं कागद धरते, "काही नाही, इथं फक्त सही करा." दोन सेकंदांचा सीन. तुमचं लक्ष पॉपकॉर्नकडं होतं.

लग्नाआधी मी ट्रायल कोऑर्डिनेटर होते, म्हणजे औषधांच्या चाचण्यांत पेशंट आणि त्यांचे कागद बघणारी, ठाऊक आहेच. २०११ साल. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. मधुमेहाच्या गोळीची चाचणी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली. कुणाला कुठली ते मलाही कळत नसे. भरतीचा शेवटचा दिवस, एक पेशंट कमी. तेवढ्यात पेठकडची एक आजी एसटीनं आली. संमतिपत्र मराठीत होतं, पण तिला अक्षरओळख नव्हती. अशा वेळी त्रयस्थ साक्षीदार पहिल्यापासून शेजारी बसलेला लागतो. मी एकटीनंच दहा मिनिटांत उरकलं.

"बाई, यानं गुण येईल ना?"

"येईल ना," मी म्हणाले.

तिचा अंगठा धरून स्टॅम्प पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. जांभळी शाई. कापूस द्यायचा राहिला. तिनं पदर उलटा करून आतल्या बाजूला अंगठा पुसला, डाग वर दिसू नये म्हणून. मग बाहेरच्या बाकावरून कुणाच्या तरी भावाला बोलावून साक्षीदाराच्या रकान्यात सही घेतली. वेळ मागची टाकली.

आजीला काहीही झालं नाही. शेवटच्या तपासणीला नागलीचे पापड घेऊन आली होती.

ट्रेनिंगमध्ये टस्कीगीची स्लाइड दाखवायचे. अमेरिकेत १९३२ ते १९७२, सिफिलिस झालेल्या जवळपास चारशे काळ्या पुरुषांना 'रक्त बिघडलंय' म्हणून नुसतं निरखत ठेवलं. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. आम्ही चुकचुकलो, मग समोसे आले. त्या माणसांना गाडीतून तपासणीला नेणारी युनिस रिव्हर्स नावाची नर्स होती, तिच्यावर त्यांचा फार विश्वास होता, हे मी खूप नंतर वाचलं.

कुठं ते आणि कुठं मी! चाचणी पेशंटच्या हिताची आहे ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी होती, कुणाचं औषध तोडलं नव्हतं. आणि चाचण्या नकोत असंही मी म्हणत नाही. आता मीच रोज शुगरची गोळी घेते, तीही कुणाच्या तरी अंगावर तपासूनच आली असणार. तेव्हाची मी तर अजून भांडते, "माझं काय चुकलं? आजी बरीच होती ना?"

होती. मग वेळ मागची का टाकलीस, विचारलं की गप्प बसते.