चार सेंटिमीटरचे पैलवान आणि गच्चीवरचे प्रेक्षक

मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि माळ्यावर त्याच्या ठोकळ्यांचे दोन डबे मागे राहिले. त्यांत लेगोचे ठोकळे होते, त्यांत मिसळून गेलेले बाजारातले स्वस्त ठोकळे होते आणि तीस-चाळीस बाहुले होते. गेल्या पावसाळ्यात ते डबे खाली काढले आणि त्यांतून कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली एक कुस्ती उभी करायचे ठरवले. दिवसा हिशेब तपासायचे आणि रात्री जेवणे आटोपल्यावर बाहुल्याचा हात एक-दोन मिलिमीटर हलवून फोटो काढायचा, असे चार महिने केल्यावर तीन मिनिटे चाळीस सेकंदांचा स्टॉप-मोशन चित्रपट तयार झाला. एका सेकंदाला १२ चौकटी, म्हणजे १२ फोटो, या हिशेबाने त्यात २,६४० चौकटी आहेत. त्या कामाविषयी इथे गरजेपुरतेच लिहिते. लिहायचे आहे ते तो पाहणाऱ्यांनी काय सांगितले आणि त्यातले मला किती उशिरा कळले, याविषयी.

कोल्हापुरात चित्रपट दाखवायला प्रेक्षक शोधावे लागत नाहीत. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, ‘प्रभात’ कंपनी १९२९ मध्ये इथेच स्थापन झाली (आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, माझा मुलगाही त्याच वाटेने गेला), त्यामुळे आमच्या गल्लीत प्रत्येकाचे चित्रपटाविषयी एक ठाम मत असते. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी गच्चीवर पांढरी चादर बांधली, ओळखीच्यांकडून प्रोजेक्टर आणला आणि २३ माणसे जमली. चित्रपट संपल्यावर मी सर्वांना कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. वर प्रश्न लिहिला होता : ‘चित्रपट कसा वाटला?’

प्रश्नच चुकला होता, हे चिठ्ठ्या उघडल्यावर लक्षात आले. ‘छान’, ‘लई भारी’, ‘नाद खुळा’, आणि सर्वांत जास्त वेळा ‘किती ही चिकाटी!’ वाचून बरे वाटले, हे नाकारत नाही. पण पापड किती लाटले याचे कौतुक झाले आणि भाजल्यावर तो कसा लागला हे कोणी बोललेच नाही, अशी माझी अवस्था झाली. चिकाटी माझी होती, चित्रपटाची नव्हे. शेजारच्या एका गृहस्थांनी ‘मुलांचा खेळ चांगला जमला आहे’ असे लिहिले होते. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या हलवून लघुपट केला होता, हे त्यांना सांगावे असे फार मनात आले, पण ज्याच्याकडून अभिप्राय मागितला त्याच्याशीच वाद घालणे मला योग्य वाटले नाही.

पुढच्या वेळी चिठ्ठ्या दिल्या नाहीत. दुसऱ्या गल्लीतल्या १४ जणांना बोलावले आणि एकेकाला बाजूला घेऊन फक्त एवढेच विचारले, की तुम्ही पाहिलेली गोष्ट मला सांगा. गोष्ट साधी होती. खेड्यातून आलेला एक नवखा पैलवान मैदानातल्या नावाजलेल्या पैलवानाशी लढतो, एकदा चितपट होता होता वाचतो आणि शेवटी धोबीपछाड मारून कुस्ती जिंकतो. १४ पैकी सहा जणांनी नावाजलेला पैलवान जिंकला असे सांगितले, आणि एका आजींनी तर कुस्ती बरोबरीत सुटली म्हणून पंचांना नावे ठेवली. चार महिने मी ज्या निकालासाठी खपले, तो निकालच निम्म्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला नव्हता, आणि ‘कसा वाटला?’ असे विचारत राहिले असते तर हे मला कधीही कळले नसते.

घोटाळ्याचे कारण प्रेक्षकांनीच सुचवले. एकाचा लंगोट तांबडा आणि दुसऱ्याचा तपकिरी होता, खाली तांबडी माती, दोघांचीही अंगे पिवळी. मग ओळखायचे कसे? बाहुला जेमतेम चार सेंटिमीटर उंच असतो आणि लंगोट म्हणजे त्याच्या कमरेचा इवलासा तुकडा, तेव्हा तक्रार पटण्याजोगी होती. नावाजलेल्या पैलवानाच्या कमरेला निळा रंग दिला आणि जिथे दोघे जवळून दिसतात तो सगळा भाग, म्हणजे सुमारे ४०० चौकटी, पुन्हा काढल्या. त्याला तीन आठवडे लागले. त्यानंतर काही नव्या मंडळींना चित्रपट दाखवला, तेव्हा गोंधळ थोडा कमी झाला होता, पण गेला नव्हता. निळ्या लंगोटाचा पैलवान कोण, हे आता सर्वांना ठाऊक होते. तो वर आहे की खाली, हे मात्र ऐन डावाच्या वेळी हरवत होते.

खरे कारण माझ्या थोरल्या मामांनी सांगितले. मामा तरुणपणी मंगळवार पेठेतल्या एका तालमीत होते आणि आजही खासबागेत कुस्ती असली की त्यांचा पाय घरात ठरत नाही. त्यांनी चित्रपट दोनदा पाहिला, गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पोरी, खासबागेत कुठंबी बस, कुस्ती दिसतीच. तुझ्या मैदानात मी घडीत हिकडं बसतोय, घडीत तिकडं. ह्यो गडी मगाशी माझ्या डाव्या हाताला हुता, त्यो उजवीकडं कसा गेला?”

राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. ते गोल आहे, मधोमध कुस्तीचा हौद आहे आणि भोवताली उतरती बैठक आहे, त्यामुळे मागच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून कुस्ती दिसते. पण तिथला प्रेक्षक एकदा बसला की त्याची जागा बदलत नाही, आणि हीच गोष्ट मी मैदानाची हुबेहूब प्रतिकृती करण्याच्या नादात विसरले होते. दोन पैलवानांना जोडणारी एक रेषा मनात आखली, तर कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहावा, हा चित्रीकरणाचा जुना नियम आहे. ती रेषा ओलांडली की डावीकडचा माणूस एका क्षणात उजवीकडे उभा राहतो. मी तो नियम वाचला होता. तरीही दोन दृश्यांत कॅमेरा पलीकडे नेला होता, आणि त्याचे कारण सांगायला लाज वाटते : त्या बाजूला बसवलेले बाहुल्यांचे प्रेक्षक अधिक देखणे दिसत होते. ती दोन दृश्ये मिळून नऊ सेकंदांची, म्हणजे १०८ चौकटींची होती. दोन रात्रींत ती पुन्हा काढली, आणि त्यानंतर निकाल चुकीचा सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

प्रेक्षक खोटे बोलले होते असे नाही. दुखते कुठे हे त्यांनी अचूक सांगितले होते; औषध मात्र त्यांनी जवळ दिसले ते सुचवले, आणि मी नाडी न पाहताच ते घेतले.

वेगाच्या बाबतीत हाच प्रकार पुन्हा झाला, पण तेव्हा मी थोडी सावध होते. ‘फार भरभर होते’ ही तक्रार अनेकांची होती. माझ्या भाच्याने त्यावर लगेच निदान केले, “आत्या, बारा चौकटींनी झटके बसतात, चोवीस कर.” चोवीस चौकटी करणे म्हणजे काम दुप्पट, म्हणून आधी एकाच डावावर प्रयोग केला. हालचाल मऊ झाली, पण पाहणाऱ्यांना घाई वाटायची ती वाटतच राहिली. मग खऱ्या कुस्तीची चित्रफीत लावून एकेक चौकट पुढे सरकवत पाहिली. पैलवान डाव टाकण्यापूर्वी क्षणभर थबकतो, अंदाज घेतो, वजन एका पायावर घेतो, आणि डाव पडल्यावर मैदानही क्षणभर थबकते. माझे बाहुले थबकतच नव्हते. एका चौकटीत पकड, पुढच्या चौकटीत उचल, त्याच्या पुढच्या चौकटीत पाडाव; पाहणाऱ्याच्या डोळ्याला कुठे टेकायलाच जागा नव्हती.

शिवाय लेगोच्या या बाहुल्याला सांधे सातच आहेत : मान, दोन खांदे, दोन मनगटे आणि दोन मांड्या. कोपर नाही, गुडघा नाही, कमरेत वाक नाही. १९७८ पासून त्याची ठेवण जवळपास तशीच आहे. चेहरा तर छापलेलाच, त्यामुळे डोळ्यांतला अंदाज दाखवायचा तर केवळ मान वळवून आणि स्थिर ठेवून दाखवावा लागतो. मी धोबीपछाडीच्या आधी नऊ चौकटी, म्हणजे पाऊण सेकंद, दोघांनाही गोठवून ठेवले, डाव सुरू होताना आणि संपताना हालचालीची अंतरे कमी केली, मधल्या चौकटींत वाढवली. चौकटी बाराच राहिल्या. ‘भरभर’ हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही, आणि भाच्याला मात्र आपलाच सल्ला मानला गेला असे अजून वाटते.

प्रकाशाची तक्रार खरी आणि सोपी होती. चादरीवर पाहणाऱ्यांना ‘वीज येते-जाते’ असे वाटत होते. पुण्याहून मुलाने फोनवर पाहिले तेव्हा त्याला काहीच जाणवले नव्हते, कारण लहान पडद्यावर ती थरथर डोळ्यांना दिसत नाही. दोष मी ज्या फोनने फोटो काढत होते त्याचा होता, तो प्रत्येक फोटोला स्वतःच उजेड मोजत होता. उजेड, रंगछटा आणि फोकस तिन्ही कुलूपबंद केले, खिडकीला जाड पडदा लावला आणि फिकट कपडे घालून टेबलाशी बसणे सोडले, कारण पांढऱ्या ओढणीचा उजेडसुद्धा चार सेंटिमीटरच्या जगात ढगासारखा सरकतो.

याउलट जी गोष्ट मी दोष म्हणून लपवू पाहत होते, ती प्रेक्षकांनी उचलून धरली. हौदात मी ठोकळ्यांची जमीन न करता पातळ थर खरी तांबडी माती पसरली होती. खऱ्या आखाड्यात तिच्यात हळद, ताक, तेल आणि लिंबू घालतात. मी नुसती चाळून घेतली होती. प्रत्येक चौकटीला बोटाचा धक्का लागून मातीचे कण थोडे हलत, आणि चित्रपट सलग चालू झाला की सगळी जमीन उकळल्यासारखी दिसे. ही जमीन बदलून पुन्हा चित्रीकरण करावे का, या विचाराने मी आठवडाभर झोपले नव्हते. त्याबद्दल एकानेही तक्रार केली नाही. उलट मामा म्हणाले, “माती जित्ती वाटती.” अर्थात मातीच्या कणांनी बाहुल्यांच्या मांड्यांचे सांधे कायमचे करकरीत झाले आहेत आणि बाजारातले स्वस्त बाहुले तर आता उभेही राहत नाहीत, ही किंमत कोणाच्याही अभिप्रायात नसते.

सर्वांत बारीक नजर खालच्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलीची निघाली. धोबीपछाडीत एक पैलवान हवेत उलटा होतो. त्याला आधार म्हणून मागून तार लावली होती, आणि रिकाम्या मैदानाचा आधीच काढून ठेवलेला फोटो खाली घेऊन संगणकावर ती तार प्रत्येक चौकटीतून पुसली होती. मोठ्या माणसांपैकी कोणालाही तार दिसली नाही. ही मुलगी चादरीजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, ह्याच्या सावलीला काठी आहे.” मी तार पुसली होती, मातीवर पडलेली तिची सावली पुसायला विसरले होते. आठ चौकटींचे काम आहे. अजून केलेले नाही, कारण ती दर वेळी नव्या मैत्रिणींना घेऊन येते आणि ती काठी दाखवते.

हलगीचे मात्र अडले आहे. शड्डूचा आवाज मी स्वतःच्या मांडीवर थाप मारून घेतला, तो सर्वांना पटला. हलगीचा आवाज एका मिनिटाच्या ध्वनिमुद्रणावरून घेऊन तोच पुन्हा पुन्हा जोडला होता, आणि मामांना ते मुळीच आवडले नाही. कुस्ती तापत जाते तशी हलगी तापत जाते, जोड नुसती एकमेकांना अजमावत असताना ती असली घाई करत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘संगीत छान आहे’ असे लिहिणाऱ्या नऊ चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. तरीही या बाबतीत मी मामांचेच ऐकणार आहे. पुढच्या मैदानाच्या दिवशी ते मला बरोबर नेणार आहेत, हलगीवाल्यांच्या शेजारी बसवणार आहेत, आणि फोनला वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून मी जुन्या लोकरी मोज्याची टोपी शिवून ठेवली आहे.