शंभर शब्द आणि एक किटली

मेंदूच्या झटक्यानंतर (स्ट्रोक) काही जणांचे विचार जागेवर असतात, पण ओळखीचे शब्द ऐन वेळी सापडत नाहीत. या अवस्थेला अफेजिया किंवा वाचाघात म्हणतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अशा रुग्णांच्या संभाषण गटात मी स्वयंसेवक म्हणून जातो. तिथे येणारे एक निवृत्त पोलादकामगार घरी रोज लॅपटॉपवर सराव करतात. पडद्यावर किटलीचे छायाचित्र येते, शब्द अडला की पहिला ध्वनी ऐकू येतो, आणि तरीही जमले नाही, तर संपूर्ण शब्द. शंभर शब्दांची ही यादी त्यांच्याच आयुष्यातली आहे: नातवंडांची नावे, नेहमीचा पब, 'शेफील्ड वेन्सडे' हा फुटबॉल संघ. (संघाच्या सध्याच्या खेळाबद्दल मत देण्यासाठी त्यांना शब्द लागत नाहीत, चेहरा पुरतो.)

याच शहरातील विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली 'बिग कॅक्टस' ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'द लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. २७८ रुग्णांपैकी ज्यांनी नेहमीच्या उपचारांबरोबर संगणकावर स्वतःच्या निवडक शब्दांचा सराव केला, त्यांना ते शब्द इतरांपेक्षा चांगले आठवू लागले. संभाषणात मात्र तसा फरक दिसला नाही. मला हा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. न कंटाळता शब्द घोटून घेणे यंत्राला जमते, पण घोटलेला शब्द व्यवहारात उतरवायला समोर माणूस लागतो. म्हणूनच आमच्या गटात चहाच्या वेळी किटली मुद्दाम कपाटात ठेवली जाते, म्हणजे ती बोट दाखवून मागता येत नाही, आणि मग सगळे जण निमूटपणे वाट पाहतात.

उच्चार ऐकून चूक दाखवणारी नवी ॲप्स अडखळत्या बोलण्यापुढे गोंधळतात, कारण ती प्रामुख्याने सुस्पष्ट बोलणाऱ्यांच्या आवाजांवर घडवलेली असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०२२ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल, मेटा व मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने अडखळत बोलणाऱ्या व्यक्तींचे इंग्रजी आवाज जमवण्याचा प्रकल्प हाती घेतला. मुलाकडे इथे इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या मराठी आजींना त्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी मराठी रुग्णांचे, तेही वऱ्हाडापासून कोकणापर्यंतचे, आवाज संमतीने जमवावे लागतील, आणि वाचा व श्रवणदोषांवर काम करणाऱ्या वांद्र्याच्या 'अली यावर जंग' संस्थेसारख्या ठिकाणी ते काम होऊ शकते. तोवर घरच्यांनी रुग्णाच्या रोजच्या गरजेच्या शब्दांची यादी करावी, वस्तूंची छायाचित्रे फोनवर काढावीत आणि वाचोपचारतज्ज्ञांना दाखवून मगच सराव सुरू करावा.