सुती म्हणजे सुतीच : आमच्या पिशवी कारखान्याची वाटचाल

सांगलीजवळ कुपवाडच्या आमच्या शेडवर नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधी काडेपेटी मागवतो. नमुना म्हणून त्याने आणलेल्या 'कापडी' पिशवीचा कोपरा कापायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरली की उडून जाते. नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेलं, असेल तर तुकडा आक्रसतो, थेंब गळतात आणि गार झाल्यावर हाताला टणक मणी लागतो. ते पॉलिप्रोपिलीन. म्हणजे प्लास्टिकच. दहांतले सात जण मणी बघून गप्प होतात. उरलेले तीन म्हणतात, "पण दिसतं तर कापडासारखंच!" माझ्या धंद्याचं निम्मं वाटोळं या एका वाक्याने केलं.

सुरुवात वहिनींची. मुंबईत २६ जुलै २००५ ला पाणी तुंबलं, गटारांतून पिशव्यांचे ढीग निघाले आणि २००६ साली सरकारने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदी घातली. पेपरात ती बातमी वाचून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता लोकांना पिशव्या लागणार." मी तेव्हा इचलकरंजीत सायझिंगला, म्हणजे विणण्याआधी सुताला पिठाची खळ चढवतात तिथे, कामाला होतो. सूत, खळ आणि ताग्याचा भाव एवढंच मला कळायचं. वहिनी ब्लाउज शिवायच्या. त्यांचं पायडलचं उषा मशीन आणि माझ्या ओळखीतला ग्रे, म्हणजे कोरा, मांजरपाट एवढ्यावर घराच्या पडवीत काम सुरू झालं. भांडवलाचा आकडा सांगत बसत नाही, आज ऐकून कुणीही हसेल.

आमच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून बदललं नाही ते म्हणजे पट्टा. बाजारात पट्टा वरच्या काठाला चार बोटं आत घेऊन चौकोनी शिलाई मारतात आणि सोडून देतात. पाच किलो बटाटे भरले की सगळं वजन त्या चार बोटांवर येतं, कापड तिथेच फाटतं आणि लोक म्हणतात, पिशवी तुटली. वहिनींनी पट्टा तळाखालून फिरवला. एका बाजूने वर, तळातून पलीकडे, परत वर असा सलग. वजन तळाला पट्ट्यावर बसतं, कापडाला ओढ लागत नाही. याला निवार, म्हणजे पट्ट्याची जाड विणलेली फीत, जवळजवळ तिप्पट लागते. त्यावरून आमची पहिल्याच वर्षी भांडणं झाली. मी म्हणायचो परवडत नाही, त्या म्हणायच्या मग शिवू नका. पट्टा तसाच राहिला.

पुढची दहा-अकरा वर्षं सांगण्यासारखं काही नाही. संक्रांतीला वाणाच्या पिशव्या, दिवाळीला पतसंस्थांच्या, बेदाण्याच्या हंगामात तासगावच्या व्यापाऱ्यांच्या छोट्या थैल्या, लग्नसराईत आहेराच्या. पडवीतून शेडमध्ये आलो, पोरं शिकली.

हत्यारांविषयी मात्र लिहितो. आमच्याकडे मेरठची बारा इंची कात्री आहे, तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नाही. थराची कापणी विजेच्या कटरवर होते. खडूने मार्किंग, चिमटे लावले की सुरी सरळ जाते. पण नवा नमुना मी अजून त्या कात्रीनेच कापतो. कापड कसं वागतं ते हाताला आधी कळतं. जुकीच्या सिंगल नीडल शिलाई मशीन आहेत, पूर्वी सतत फिरणाऱ्या क्लच मोटरवर चालायच्या, आता पाय दाबला तरच फिरणाऱ्या सर्व्हो मोटर लावल्या. वीज वाचते आणि नवीन पोरीच्या हातून मशीन सुसाट सुटत नाही. नवा धंदा काढणाऱ्याने पैसे कमी पडत असतील तर एक मशीन कमी घ्यावं, पण मोटर सर्व्होच घ्यावी. पट्ट्याच्या जागी कापडाचे थर चार होतात, तिथे बारीक सुई घालू नये; सुई मोडते आणि टोक पिशवीत राहतं. ते टोक उद्या कुणाच्या तरी बोटात जाणार, आणि फोन तुम्हाला येणार.

आणि खळ. याविषयी बोललो नाही तर सायझिंगला काढलेली वर्षं वाया गेली म्हणायची. पातळ मांजरपाटाला भरपूर खळ चढवली की तागा जाड वाटतो, वजनही भरतं. घेणारा जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते विचारतो, विकणारा खळीसकट तोलून दाखवतो. पहिल्या धुण्यात पिशवीची गाळणी होते. कापड दोन्ही मुठींत धरून चोळा. पांढरी पूड झडली तर भाव न करता उठा. वीतभर तुकडा धुऊन, वाळवून परत मोजा, म्हणजे आटतं किती तेही कळेल. आम्ही आटण धरून मोठं कापतो, म्हणून आमची सोळा इंची पिशवी धुतल्यावरही सोळा इंचीच राहते.

आता २०१८. २३ मार्चला राज्याची अधिसूचना निघाली. हँडल असो वा नसो, प्लास्टिकच्या पिशव्या बंद, आणि नॉन-वोव्हन पॉलिप्रोपिलीनचं नावही त्या यादीत लिहिलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. घरातला साठा संपवायला तीन महिने दिले होते, त्या तीन महिन्यांत कुणी हललं नाही. २३ जूनपासून पाच हजारांचा दंड सुरू झाला आणि सगळं सांगली-मिरज एकदम जागं झालं. फोन खाली ठेवता येईना. इचलकरंजीचे व्यापारी सकाळी एक भाव सांगायचे, दुपारी दुसरा. उधारी बंद, तागा रोखीत. आम्ही बँकेचं कर्ज काढून मशीन वाढवल्या, बायका वाढवल्या, दोन पाळ्या सुरू केल्या. पुढे पुष्कळांनी शहाणपणा शिकवला की एवढी उडी मारायला नको होती. मागणी दारात उभी असताना जो मशीन घेत नाही त्याने पेन्शन घ्यावी, कारखाना काढू नये.

मोठी ऑर्डर एका दुकानाची होती, तीन जिल्ह्यांत शाखा असलेल्या. नमुना पास झाला, पट्ट्याचं कौतुक झालं, तोंडी होकार आला. आम्ही कापणी काढली. कापलेलं कापड व्यापारी परत घेत नाही, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आणि मग आमचाच नमुना समोर ठेवून एका पुरवठादाराने त्यांना तशीच दिसणारी पिशवी दिली. तोच हिरवा रंग, तोच आकार. आमचा भाव बावीस रुपये, त्यांचा सहा. त्यांचं नाव घेत नाही, सांगलीत ज्याला कळायचं त्याला कळतंच. बंदीच्या आदल्या महिन्यापर्यंत हेच गृहस्थ पातळ कॅरीबॅग किलोवर विकत होते. त्यांची नवी पिशवी नॉन-वोव्हन. सुई नाही, दोरा नाही. गरम दाबाने कडा चिकटवलेल्या, अंगावर ठिपक्यांची नक्षी. वर छापलेलं : 'कापडी पिशवी वापरा, पर्यावरण वाचवा.'

मी ती पिशवी आणि अधिसूचनेची प्रत घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी पिशवी दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, "कापडच आहे की हो." मी काडेपेटी काढली तर म्हणाले, ऑफिसात जाळपोळ नको. पंचनामा राहिला बाजूला, माझ्याकडेच धंद्यात जळणारा माणूस म्हणून बघायला लागले. दोन-तीन महिन्यांत दंडाची भीती ओसरली. भाजीवाल्यांकडे पातळ पिशव्या परत लटकल्या आणि चांगल्या दुकानांत नॉन-वोव्हन. कापलेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्यांनी शेडची मागची भिंत झाकली गेली. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला यायचाच.

त्यातून सावरत होतो तोवर २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. कुपवाडला पुराचं पाणी येत नाही, आमचं शेड कोरडं राहिलं. पण आमची उधारी सगळी गणपती पेठेत होती, आणि पेठ पाण्याखाली. ज्याच्या दुकानात हळद, साखर, डाळ सडतेय त्याच्याकडे पिशव्यांचे पैसे मागायला कुठल्या तोंडाने जायचं? गेलो नाही. दोन जुकी विकल्या, वहिनींनी पाटल्या काढून दिल्या. त्या पाटल्यांविषयी इथे जास्त लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.

पेठेतले अण्णा आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. भुसार माल, तिसरी पिढी. त्यांची एक पद्धत होती. पिशवी फुकट द्यायची नाही, वीस रुपये ठेव घ्यायची आणि पिशवी परत आणली की वीस रुपये परत. मी म्हणायचो, "अण्णा, सगळ्या परत आल्या तर मी काय विकू?" ते म्हणायचे, "येऊ दे की." फार थोड्या परत आल्या, कारण लोक त्याच पिशव्या घेऊन पुढच्या महिन्याचा किराणा न्यायला यायचे.

पुराचं पाणी ओसरल्यावर आठवड्याने त्यांचा निरोप आला, पिशव्यांचे गठ्ठे घेऊन जा. मला वाटलं, माल परत करतायत. जाऊन बघतो तर गोडाऊनमधल्या आमच्या पिशव्या चार-पाच दिवस चिखलाच्या पाण्यात राहिलेल्या, वास येत होता. शेजारच्या दुकानातल्या नॉन-वोव्हन पिशव्यांचे गठ्ठे रस्त्यावरच्या कचऱ्याच्या ढिगात पडले होते, त्या कुणी धुवायला घेतल्या नाहीत. अण्णा म्हणाले, "धू आणि आण. पैसे धुण्याचे वेगळे लाव." आम्ही सोड्याच्या पाण्यात भिजवल्या, दोनदा खळबळून काढल्या, शेडच्या पत्र्यावर वाळवल्या. गाळ निघाला. फिकट पिवळी झाक राहिली, पण छपाई जशीच्या तशी! अण्णांच्या दुकानाचं नाव, खाली फोन नंबर, एक अक्षर हललं नाही. पिगमेंटमध्ये रंग धरून ठेवणारा बाइंडर नीट पडला आणि छपाई वाळल्यावर वरून गरम इस्त्री फिरवली की रंग सुतात बसतो. आमचा छपाईवाला पोरगा छपाईच्या जाळीवरून रबर ओढताना एकदाच ओढतो, दोनदा नाही, म्हणून कड फुटत नाही. ही शेखी नाही, ज्यांना बघायची आहे त्यांना ती पिशवी शेडमध्ये लटकवून ठेवलेली दिसेल.

त्याच पिशव्यांतून अण्णांनी पेठेतल्या हमालांच्या घरी तांदूळ-डाळ पाठवली आणि मागची बाकी तीन हप्त्यांत चुकती केली. पेठेत पहिले पैसे त्यांचे आले. बाकीच्यांचे यायला वर्ष गेलं, काहींचे अजून यायचेत. पूरग्रस्त म्हणून मी गप्प होतो, पण त्यातल्या दोघांनी नवी चारचाकी घेतली तेही मी बघितलंय.

२०२० मध्ये मास्क शिवले, सगळ्यांनीच शिवले. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो रुई, लाखावर गेली तेव्हा मांजरपाटाचा भाव ऐकून पोट ढवळायचं, तरी कापड पातळ केलं नाही. नॉन-वोव्हनला केंद्राने ६० जीएसएमची अट आधीच घातली होती. म्हणजे ज्या मालावर आम्ही बोंब मारत होतो तो आता जाड असला की चालतो. चालू दे. पण त्याला कापड म्हणू नका, माझं म्हणणं पहिल्यापासून एवढंच आहे.

मध्यंतरी एका शिकलेल्या गिऱ्हाइकाने मला मोबाइलवर एक आकडा दाखवला. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा २०११ चा अहवाल : सुती पिशवी १३१ वेळा वापराल तेव्हा हवामानाच्या हिशेबात ती एकदा वापरलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. त्याला वाटलं मी चिडेन. मी म्हटलं, बरोबर आहे. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, लूम विजेवर चालतो. आठवड्यातून दोनदा मंडईत नेली तर सव्वा वर्षात १३१ होतात, आणि आमची पिशवी सव्वा वर्षच टिकते असं म्हणणाऱ्याला मी पैसे परत देतो. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक समारंभात पिशवी, प्रत्येक सत्कारात पिशवी, घरात पस्तीस पिशव्या खुंटीला आणि मंडईत जाताना हात मोकळे. हे मीच म्हणतोय, ज्याचं पोट त्या सत्काराच्या पिशव्यांवर चालतं. म्हणून दोन ठेवा. एक गाडीच्या डिकीत घडी करून, एक दाराच्या कडीला. डिकीतली वापरली की घरात आल्या आल्या पुन्हा डिकीत. भाजीची वेगळी, किराण्याची वेगळी. थंड पाण्यात धुवा, उलटी करून वाळवा, तळाच्या शिवणीत कोथिंबिरीची माती अडकते ती झटका. पट्टा उसवला तर टाकू नका. शेडवर आणा, आमची असेल तर फुकट शिवून देऊ, दुसऱ्याची असेल तर दहा रुपये. हे खातं वहिनी बघतात, आता त्यांना एवढंच काम करायचं असतं.

गेल्या दिवाळीआधी त्या पुरवठादारांचा फोन आला. त्यांच्या एका परदेशी गिऱ्हाइकाला सुती पिशवी हवी आहे, तळातून पट्टा फिरवलेली. जॉबवर्कचा भाव विचारत होते. मी भाव सांगितला, निम्मे पैसे आगाऊ, आणि पट्ट्यात घट करायची नाही. कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.