तुम्ही विचारलंत म्हणून: ते गवत अजून का आहे

"एवढं रामायण होऊनही ते गवत अजून तिथंच?"

हा प्रश्न मी गेली दोन वर्षं ऐकतेय. फाटकावर ऐकलाय, फोनवर ऐकलाय, एका मुंजीत जिलबीचं ताट पुढ्यात असताना ऐकलाय. पुण्यात सहकारनगरात राहायचं म्हणजे तळजाई टेकडीवरून फिरून परतणारी निम्मी मंडळी ओळखीची, आणि त्यातले निम्मे माझे माजी विद्यार्थी. थांबतात, फाटकातून आत बघतात आणि विचारतात. आवाजात बारीक खोच असते, ती मला कळते. तीस वर्षं अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवलं या बाईनं, आणि हिच्याच अंगणात प्लास्टिकचं गवत!

पहिल्यापासून माझं ठरलेलं उत्तर होतं: पाणी. अंगण तीनशे चौरस फूट, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. भर उन्हाळ्यात खऱ्या गवताच्या लॉनमधून दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी उडून जातं. चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा हिशेब झाला रोज १४० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं, हा आपला सरकारी दंडक. म्हणजे लॉन पाळणं म्हणजे घरात आणखी एक माणूस पोसणं, तेही आयतं बसून पिणारं. इथं समोरचा बहुतेक वेळा गप्प व्हायचा. मी जिंकायचे आणि घरात यायचे.

गणित बरोबर आहे. पण आमच्याकडे गवत या गणितामुळे आलेलं नाही. ते आलं मुलीच्या साखरपुड्यामुळे, आणि हे मी पहिल्यांदाच कुठंतरी लिहितेय.

२०२२ चा मे महिना. कार्यक्रम घरच्याच अंगणात करायचा ठरलं होतं. आमचे सासरे, अण्णा, होते तोवर रोज संध्याकाळी हातात नळी धरून उभे असायचे. ते गेले आणि हरळी पिवळी पडत गेली. मध्ये मध्ये टक्कल, कडेनं लव्हाळा. फोटोवाला जागा बघायला आला आणि म्हणाला, "मॅम, बॅकग्राउंड थोडं ड्राय येईल." त्याच्या त्या एका वाक्यावर मी ३५ मिलिमीटर उंचीचं, चौरस फुटाला ८५ रुपयांचं गवत मागवलं. दोन माणसं आली, हरळी खरवडली, कच टाकून धुमसली, गुंडाळी उलगडली, जोड चिकटवले, वर वाळू पसरून झाडूनं आत घातली. दुपारच्या चहापर्यंत काम संपलं. फोटो फार सुंदर आलेत, हेही सांगून टाकते.

इथं माझी मीच आडवी येते. २०१५ साली पावसानं दगा दिला आणि पुण्यात दिवसाआड पाणी आलं, तेव्हा अण्णा लॉनसाठी टँकर मागवू म्हणत होते. मीच अडवलं होतं त्यांना. "हरळी मरत नाही अण्णा, झोपते. खाली तिची खोडं शाबूत असतात. पाऊस पडला की उठेल." आणि पुढच्या पावसाळ्यात उठलीच. ती २०१५ ची बाई मला हल्ली विचारते, अगं, तुला तर माहीत होतं, महिनाभर थांबली असतीस तर? मी म्हणते, साखरपुडा महिनाभर थांबणार नव्हता. ती म्हणते, मग सतरंज्या टाकायच्या. याच्यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

गंमत म्हणजे वर्गात मी ह्यूस्टनची गोष्ट सांगायचे. १९६५ साली तिथं अॅस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं अवाढव्य स्टेडियम उघडलं. छताला पारदर्शक तावदानं, आत खरं गवत. पण तावदानांच्या चकाकीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून ती रंगवली. ऊन अडलं, गवत मेलं. १९६६ मध्ये तिथं प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि त्या स्टेडियममुळे त्याचं नाव पडलं अॅस्ट्रोटर्फ. प्रकाशसंश्लेषणाच्या तासाला पोरं ही गोष्ट कान देऊन ऐकायची. ऊन नाही म्हणून जी वस्तू पुढं आली, ती मी पुण्याच्या वैशाखात उघड्यावर अंथरली. माझ्या हे ध्यानात आलं २०२४ च्या एप्रिलनंतर.

त्या एप्रिलबद्दल विचारणाऱ्यांना ढोबळ माहिती आहेच. 'सासूबाईंचे पाय भाजले.' पण कसे, ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आई तेव्हा एक्क्याऐंशीच्या. मधुमेह बावीस वर्षांचा. दवात अनवाणी चाललं की डोळे चांगले राहतात, यावर त्यांची जन्माची श्रद्धा, त्यामुळे अण्णांच्या हरळीवर त्या पहाटे वीस फेऱ्या मारायच्या. प्लास्टिक आलं तरी फेऱ्या चालूच. मी म्हटलं, आई, याचा काय उपयोग? तर म्हणाल्या, "दव याच्यावरही पडतंच की गं." पडायचं, खरंच.

गुडघ्यांमुळे गच्चीचा जिना बंद झाला होता. म्हणून त्या वर्षी साबुदाण्याच्या पापड्या त्यांनी अंगणातच, गवतावर कागद अंथरून घातल्या. दुसऱ्या दिवशी मला कौतुकानं सांगितलं, "तुझं गवत मस्त तापतं. गच्चीत दोन दिवस लागायचे, इथं एका दिवसात खडखडीत." मी हसले. वनस्पतिशास्त्राची बाई हसली, आणि चहा टाकायला गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास वावटळ उठली. मी आत कूलर लावून झोपले होते. कागद उडाला, पापड्या अंगणभर झाल्या. आई तशाच बाहेर गेल्या. वाकून, एकेक करून, सगळ्या पापड्या गोळा केल्या. दहा मिनिटं लागली असतील, पंधरा लागली असतील, त्यांनाही सांगता येत नाही. मग आत येऊन हात धुतले, डबा भरला आणि पडल्या.

चार वाजता उठले तेव्हा फरशीवर स्वयंपाकघरापासून त्यांच्या खोलीपर्यंत ओले ठसे होते. मला वाटलं, पाय धुऊन आल्या असतील. मी फडक्यानं पुसून घेतले. फडकं जरा चिकट लागलं, आणि मी ते धुऊन वाळत घातलं. या फडक्याबद्दल मी कुणाशीही बोललेले नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही.

दिवेलागणीला त्या पलंगावर पाय वर घेऊन रामरक्षा म्हणायला बसल्या, तेव्हा तळवे दिसले. दोन्ही पावलांच्या चवड्यांवर फोड, डाव्या पायाचा फुटलेला, कातडी सुरकुतून बाजूला झालेली. मी ओरडलेच, "आई, दुखत नाही का?"

रामरक्षा थांबवून त्यांनी विचारलं, "काय दुखत नाही?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक बारीकशी दांडी काढली, पुढं नायलॉनचा धागा. तळव्यावर टेकवला की दहा ग्रॅमचा दाब पडून तो वाकतो. "आजी, डोळे मिटा. लागलं की हो म्हणा." दहा वेळा टेकवला. आई दोनदा हो म्हणाल्या, त्यातल्या एका वेळी डॉक्टरांचा हात हवेतच होता. मधुमेहानं तळव्यांची जाणीवच गेली होती. त्या धाग्याला म्हणतात मोनोफिलामेंट. हा शब्द मी आधी एकदाच ऐकला होता, गवताचा नमुना दाखवताना दुकानदाराच्या तोंडून: "मॅडम, प्युअर मोनोफिलामेंट आहे, पायाला मऊ लागतं."

जखम भरायला अकरा आठवडे लागले. करोनाची दोन वर्षं सोडली तर पालखीचं दर्शन पहिल्यांदाच हुकलं. त्यांनी त्याबद्दल मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. नातेवाइकांनी लावला, आणि तोही त्यांनाच: चप्पल घालायला नको का? यात तथ्य नाही असं नाही.

नवऱ्यानं करोनातली कपाळावर धरायची बंदूक आणून गवतावर रोखली. तिच्या पडद्यावर नुसतं 'हाय' आलं. तापाच्या पलीकडचं तिला मोजताच येत नाही. मग एसीवाल्याची बंदूक मागून आणली. हवा ३९ अंश होती. सोनचाफ्याखालची माती ३४, शहाबादी फरशी ५२, गवत ६७. पाणी मारलं, तर झपकन उतरलं आणि वीस मिनिटांत पुन्हा जवळपास होतं तिथंच.

आता याचं कारण मी वेगळं काय शोधणार? ते मी तीस वर्षं फळ्यावर काढलंय. पानाला पर्णरंध्रं असतात, त्यांतून पाण्याची वाफ होऊन जाते, जाताना उष्णता घेऊन जाते. बाष्पोच्छ्वास. हमखास चार मार्कांना. म्हणजे जे १४० लिटर मी आयतं बसून पिणाऱ्या माणसाच्या नावावर मांडत होते, तोच हरळीचा गारवा होता. फाटकावर मी ज्या गणितानं जिंकत होते, त्यात ही ओळ मी लिहिलीच नव्हती. हे कळल्यावरही पुढं दोन-तीनदा मी लोकांना तेच गणित ऐकवलं. सवयीनं असेल.

मग काढलं का नाही? काढलं होतं.

त्याच जूनमध्ये दोन माणसं लावून गुंडाळलं. परत घ्यायला कुणी तयार नाही. प्लास्टिक, डिंक आणि वाळू यांचा एकजीव लगदा झालेला, सुका कचरा नेणाऱ्या ताईंनी हात जोडले, "हे आमच्यात बसत नाही, काकू." गुंडाळी गाडीशेजारी उभी राहिली, एखाद्या न जाणाऱ्या पाहुण्यासारखी. खाली कच थापून सिमेंटसारखी झालेली. गांडूळ औषधालाही नव्हतं. मी फावड्यानं थोडी उकरली, हरळीच्या काड्या आणून टोचल्या. तोवर पाऊस लागला आणि सगळ्याचा राडा झाला.

आणि नेमकं त्याच वेळी डॉक्टरांनी आईंना सांगितलं, आता रोज थोडं चालायचं. एमसीआरच्या, म्हणजे मधुमेहींसाठीच्या मऊ रबरी चपला, हातात वॉकर. घरात फेऱ्या मारायला जागा नाही. शहाबादीवर शेवाळ, तिथं मीच दोनदा घसरलेले. अंगणात वॉकरचे पाय चिखलात रुतायचे. चार दिवस त्या व्हरांड्यात उभ्या राहून पाऊस बघत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "ते तुझं गवत टाक की परत. त्याच्यावर पाय घसरत नाही."

तुझं गवत. पापड्यांच्या वेळीही असंच म्हणाल्या होत्या. मी टाकलं परत.

जून ते फेब्रुवारी त्या त्याच्यावर चालतात, आणि शप्पथ सांगते, त्यांच्यासाठी त्याहून बरी जागा या घरात नाही. मार्च ते मे तो तवा असतो. विचारणाऱ्यांना मी एक तर पहिलं वाक्य सांगते नाही तर दुसरं, माणूस बघून.

बाकीचे आरोपही मला ठाऊक आहेत. एका विद्यार्थिनीनं सांगितलं, मॅडम, युरोपात २०२३ मध्ये टर्फमधल्या रबराच्या भुग्याच्या विक्रीवर बंदी आणलीय, आठ वर्षांची मुदत देऊन. मी ताडकन म्हटलं, ते मैदानांचं, माझ्याकडे वाळू आहे. पण झाडताना सुपलीत दर वेळी चिमूटभर हिरवा चुरा येतो. जो सुपलीत येत नाही तो पावसात गटारात, तिथून आंबिल ओढ्यात आणि पुढं मुठेत. हे तिला सांगितलं नाही. हरळी म्हणजेच दूर्वा; ज्या घरात त्या अंगणभर होत्या तिथं आता भाद्रपदात मंडईतून जुड्या येतात. लव्हाळ्यानं मात्र जोडातून, आणि एका ठिकाणी तर थेट पाठीच्या कापडातून, डोकं वर काढलंय. बसवणारा म्हणाला, उपटा नाहीतर गवत खराब होईल. मी उपटलेला नाही. आणि पावसात भिजलेलं ते हिरवं मला आजही छान दिसतं, हेही आहेच.

सध्या पुन्हा एप्रिल आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अंगणाला दोरी बांधलेली असते. सहाला दोरी सोडायच्या आधी मी अनवाणी त्यावर जाऊन उभी राहते आणि तीसपर्यंत मोजते. आई आतून विचारतात, "तापलंय का गं?" तीस झाले तर त्यांना बाहेर आणते. काल बाविसाव्याला पाय उचलला. मग आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो, सव्वासातपर्यंत.