सहा वर्षांचा म्हातारा

रविवार, रात्री साडेदहा

आज डॉक्टरांनी आमच्या कुत्र्याच्या, तिळाच्या, कार्डावर वजनाच्या शेजारी एक नवा शब्द लिहिला. ज्येष्ठ. लेकीने तो वाचला आणि तिथेच भांडायला उभी राहिली. "मी अकरा वर्षांची आहे, हा तर सहाचाच आहे!" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की ग्रेट डेन जातीचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचं. देह जेवढा मोठा तेवढं आयुष्य तोकडं, हा हिशेब कुत्र्यांच्या नशिबी आलाय.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. तीळ मात्र मागची अख्खी सीट अडवून, तोंड माझ्या खांद्यावर टेकवून माझा कुर्ता भिजवत होता.

नावाचा किस्सा लिहून ठेवायला हवा, नाहीतर विसरायला होईल. आला तेव्हा लेकीच्या मांडीत मावत होता. गुलाबी नाक, त्यावर एकच काळा ठिपका. म्हणून तीळ. पुढे ठिपका पसरत पसरत अख्खं नाक काळं झालं आणि आमचा तीळ छासष्ट किलोंचा. माझ्यापेक्षा आठ किलो जास्त. फिरायला नेलं की अनोळखी माणसं दोनच प्रश्न विचारतात: चावतो का आणि खातो किती. हाक मारली की मात्र सगळे हसतात.

डेन नाव असलं तरी ही जात घडली जर्मनीत, रानडुकरांच्या शिकारीसाठी. आमचा शूरवीर इस्त्रीचं टेबल उघडलं की न्हाणीघरात जाऊन उभा राहतो. पूर्ण मावत नाही, मागचा अर्धा बाहेरच.

घराने त्याच्या मापाने अंग बदललंय. शेपटीच्या टप्प्यात कप ठेवायचा नाही, हे आता पाहुण्यांनाही पाठ आहे. एकदा आनंदाच्या भरात भिंतीवर आपटून आपटून शेपटीचं टोक फुटलं. आम्ही बाहेरून आलो तर पॅसेजभर, पार छताजवळपर्यंत रक्ताचे शिंतोडे, आणि मधोमध हा, अजूनही शेपटी हलवतोय! ती जखम भरायला दीड महिना गेला, कारण शेपटीला 'हलू नकोस' कोण सांगणार.

पण मनातून जात नाही ती गेल्या वर्षीची रात्र. जेवून तासभर झाला असेल. तीळ घरात येरझाऱ्या घालायला लागला. ओकारी काढायचा, पडायचा नुसता फेस. पोटाला हात लावला तर नगाऱ्यासारखं ताठ. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट असं वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पिळा घेतं. मग पोटाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हातात उरतात ते थोडे तास. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं म्हणून 'सकाळी बघू' म्हटलं नाही. नवऱ्याने आणि मी चादरीची झोळी करून तिळाला गाडीत घातलं. लेक मागे त्याचं डोकं धरून बसली. शस्त्रक्रियेत पोट सरळ करून आतून बरगड्यांजवळ टाके घालून अडकवलं, पुन्हा फिरू नये म्हणून. तेव्हापासून जेवण तीन वेळा थोडंथोडं, आणि नंतर धावपळ बंद. त्या रात्री नवऱ्याची पाठ धरली ती अजून अधूनमधून धरते. तक्रार म्हणून नाही लिहीत, आपली नोंद.

जगातला सगळ्यांत उंच कुत्रा म्हणून ज्याची नोंद झाली होती तो झ्यूस, अमेरिकेत मिशिगनचा, ग्रेट डेनच. खांद्यापर्यंत 111.8 सेंटिमीटर. तिळाहून वीतभर तरी जास्त. त्याचा फोटो लेकीने केव्हाचा कपाटाच्या दारावर चिकटवलाय. तो 2014 साली, पाच वर्षांचा असताना गेला, हे तिला आज संध्याकाळी कळलं. फोटो काढशील का, असं मी विचारलं नाही. तिनेही काढला नाही.

गेले काही दिवस तीळ गुळगुळीत फरशीवरून उठताना घसरतो. पुढचे पाय रोवतो, मागचे फाकतात, मग इकडेतिकडे बघतो, जणू कुणी पाहिलं तर नाही ना. आम्ही तिघंही त्या वेळी दुसरीकडे बघतो. डॉक्टरांनी खाली काहीतरी खरखरीत अंथरायला सांगितलं. मी उद्या चटई बघू म्हणत होते, तोवर लेक माळ्यावर चढलीसुद्धा.

तिच्या लहानपणीच्या त्या फोमच्या चौकोनी चटया, एकेका चौकोनावर एकेक मूळाक्षर. तीळ आल्यावर महिन्याभरात गुंडाळून ठेवलेल्या. तिने त्या दिवाणखान्यात जोडल्या. क्रम लागला नाही. 'क'च्या शेजारी 'ळ', 'म'ला लागून 'ज्ञ'. 'ढ'ची एक बाजू कुरतडलेली, दुधाच्या दातांच्या खुणा अजून तशाच. ती बाजू कुठेच बसेना, म्हणून तिने ती कडेला ठेवली.

तिळाने सगळ्या चटया हुंगल्या. मग नेमका 'ढ' शोधून त्यावर हनुवटी टेकली आणि उरलेला सगळा देह फरशीवर पसरून झोपून गेला.